आत्मविश्वास मोजावा, पण कसा?



नववी-दहावीत आलात की घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप हातात घेता घेता एक प्रश्न हमखास विचारतो, "काय मग, पुढे काय व्हायचे ठरवले आहे?" तुमच्यापैकी काहीजण ताबडतोब उत्तर देतात, काहीजण आईच्या तोंडाकडे पाहतात, आणि काहीजण अभ्यासाचे निमित्त काढून आतल्या खोलीत पळतात. पाहुण्यांना उत्तराशी फारसे कर्तव्य नसते. चहा संपला की प्रश्नही संपतो. पण हाच प्रश्न कधी कधी शाळेत छापील कागदावर येतो, आणि तेथे उत्तर आकड्यात द्यायचे असते. 'आपला भावी व्यवसाय ठरवण्याबाबत तुम्हाला किती आत्मविश्वास वाटतो? ० ते १० पैकी एका आकड्याभोवती गोल करा.'

आता, आकडा आला की विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थोडे सावध व्हायला हवे. प्रयोगशाळेत आपण आकडा लिहिला की गुरुजी लगेच विचारतात, हे कशाचे माप? एकक कोणते? उपकरण कोणते वापरले? चूक किती असू शकेल? मग आत्मविश्वासाचा आकडा समोर आला असता हे प्रश्न आपण का विसरतो?

मी स्वतः ते विसरलो होतो. म्हणून माझी चूक आधी सांगतो, आणि मग शास्त्राकडे वळू.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात मी वर दिलेला प्रश्नच फळ्यावर लिहिला आणि सर्वांकडून चिठ्ठ्या घेतल्या. सरासरी सहाच्या आसपास आली. तेवढ्यावर थांबलो असतो तर फारसे बिघडले नसते. पण मी उत्साहाच्या भरात हजेरी क्रमांकानुसार आकडे मोठ्याने वाचून दाखवले. एका मुलीने २ लिहिले होते. मागच्या बाकावरून कोणीतरी हसले. तास संपल्यावर मी तिला बोलावून, फार समजूतदारपणाचा आव आणून म्हणालो, "विज्ञान शाखेचा आग्रह धरू नकोस. एखादी सोपी वाट पाहा." तिने मान डोलावली आणि ती गेली.

पंधरा दिवसांनी गुणपत्रके तयार करताना लक्षात आले की विज्ञानात ती वर्गात दुसरी होती. मग मी तिला आणि आणखी काही मुलांना एकेकटे बोलावून विचारले, "तुम्ही तो आकडा लिहिला, तो काय विचार करून लिहिला?" उत्तरे ऐकून मी खजील झालो. २ लिहिणारीच्या घरी दहावीनंतर तिला पुढे शिकवायचे की नाही हेच ठरलेले नव्हते. 'किती आत्मविश्वास' याचा अर्थ तिने 'किती ठरले आहे' असा घेतला आणि अगदी प्रामाणिकपणे २ लिहिले. १० लिहिणाऱ्या एका मुलाचे मामाच्या गॅरेजमध्ये बसायचे नक्की झाले होते, त्यामुळे त्याला प्रश्नच पडलेला नव्हता. दुसरा १० वाला म्हणाला, "सर, दहा लिहिले की तुम्ही पुढे काही विचारत नाही."

प्रश्न एक, अर्थ तीन. आणि मी त्यांची सरासरी काढून बसलो होतो! उंची, वजन आणि बुटांचा नंबर यांची बेरीज करून तिनाने भागण्यासारखाच हा प्रकार.

मानसशास्त्रात मोजमापाचे दोन गुण पाहतात. पहिला विश्वसनीयता, म्हणजे तीच वस्तू पुन्हा मोजली असता जवळजवळ तेच उत्तर येणे. दुसरा यथार्थता, म्हणजे जे मोजायचे आहे तेच मोजले जाणे. स्प्रिंग सैल झालेल्या ताणकाट्यात विश्वसनीयता नसते. पण काटा उत्तम असला तरी त्यावरून दुधातील पाण्याचे प्रमाण सांगता येणार नाही. तेथे यथार्थता नाही. माझ्या प्रश्नात दुसरा दोष तर होताच, आणि एकाच प्रश्नावर सारे अवलंबून असल्याने पहिलाही असणार. त्या दिवशी पोटात दुखत असते तर एखाद्याने ७ ऐवजी ४ लिहिले असते.

येथे आणखी एक घोटाळा सोडवून घेऊ. आवड, क्षमता आणि विश्वास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या राज्यात २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची 'कल चाचणी' घेण्यात आली आणि पुढेही काही वर्षे ती घेतली गेली. वाणिज्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी तुमचा ओढा कोणीकडे आहे, हे त्यात पाहत. नावाप्रमाणे तो कल होता. एखाद्याला गाण्याची विलक्षण आवड असते, पण स्वर लागत नाही. एखाद्याचा स्वर उत्तम लागतो, पण चारचौघांत गाता येईल असे त्याला वाटत नाही. तीन मापे तीन ठिकाणी जातात. आवड आणि क्षमता यांच्या चाचण्या फार पूर्वीपासून आहेत. विश्वासाचे माप त्या मानाने अलीकडचे.

अमेरिकेत बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारी एक कचेरी उघडली. व्यवसाय-मार्गदर्शनाच्या शास्त्राची सुरुवात बहुधा तेथूनच सांगतात. (गंमत अशी की हे गृहस्थ स्वतः इंजिनिअर म्हणून शिकले, पुढे शिक्षक झाले, वकील झाले, प्राध्यापकही झाले. त्यांना कोणी सल्ला दिला होता, देव जाणे!) पार्सन्स यांचे म्हणणे सरळ होते: स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या, आणि दोहोंची नीट सांगड घाला. पण 'हे सर्व मला जमेल' असे त्या मुलाला वाटते का, हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत यायला आणखी सत्तर वर्षे लागली.

तो आणला अल्बर्ट बँडुरा यांनी. १९२५ साली कॅनडातल्या एका लहानशा गावात त्यांचा जन्म झाला. तेथल्या शाळेत वरच्या वर्गांना शिकवायला अवघे दोन शिक्षक होते, त्यामुळे बराचसा अभ्यास मुलांनी आपला आपणच करायचा, अशी स्थिती होती. पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २०२१ साली वारले. १९७७ साली त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील कल्पनेला आपण 'स्वक्षमतेवरील विश्वास' म्हणू. अमुक एक काम मी करू शकेन, असा जो माणसाचा स्वतःबद्दलचा अंदाज, तो म्हणजे स्वक्षमतेवरील विश्वास. 'अमुक एक काम' हे शब्द अधोरेखित करून ठेवा. सगळी गोम त्यात आहे.

बँडुरांचे प्रयोग चालले होते सापांवर, म्हणजे सापांना भयंकर घाबरणाऱ्या माणसांवर. ही माणसे इतकी भित्री की साप असलेल्या खोलीत पाऊल टाकायला तयार नसत. बँडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना 'तुम्हाला धीर किती आहे?' असे विचारलेच नाही. त्यांनी पायऱ्या केल्या. पेटीपर्यंत जाल का? पेटीत वाकून पाहाल का? हातमोजा घालून स्पर्श कराल का? नुसत्या हाताने? उचलाल का? मांडीवर मोकळा सोडाल का? (साप बोआ जातीचा, मोठा पण बिनविषारी होता.) प्रत्येक पायरीसमोर, ही पायरी मला जमेल याची खात्री किती, तो आकडा लिहायचा. मग प्रत्यक्ष पेटीसमोर उभे करायचे आणि पाहायचे. आढळले असे की माणसे बहुतेक त्याच पायरीपर्यंत गेली जी त्यांनी आधी लिहिली होती. नुसत्या बोलण्याचे माप प्रत्यक्ष कृतीशी ताडून पाहता आले, म्हणून ते शास्त्र झाले.

पुढे २००६ साली अशी मापे कशी तयार करावीत यावर बँडुरांनी एक मार्गदर्शक लेख लिहिला. त्यात उत्तर देणाऱ्याला सराव म्हणून वजन उचलण्याचे प्रश्न दिले आहेत. आपण ते आपल्याकडच्या वजनांत मांडू. ५ किलो पिठाची पिशवी आत्ता उचलू शकाल याची खात्री ० ते १०० मध्ये किती? १०० लिहाल. २० किलोचा डबा? ८० म्हणू. ५० किलोचे सिमेंटचे पोते? येथे आकडा घसरू लागतो. आता समजा मी तुम्हाला फक्त एवढेच विचारले असते की 'वजन उचलण्याबाबत तुमचा आत्मविश्वास किती?' तर तुमच्यापैकी एकाच्या डोळ्यांसमोर पिशवी आली असती आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर पोते. माझ्या नववीच्या वर्गात नेमके हेच झाले होते.

व्यवसायाच्या बाबतीत अशा पायऱ्या बांधण्याचे काम १९८३ साली अमेरिकेत कॅरेन टेलर आणि नॅन्सी बेट्झ या दोन संशोधक स्त्रियांनी केले. त्यांच्या प्रश्नावलीत ५० प्रश्न होते. 'तुम्ही मोठेपणी काय होणार' हे त्यांतला एकही प्रश्न विचारत नाही. स्वतःची पारख करता येईल का, व्यवसायांची माहिती मिळवता येईल का, अनेकांतून एक ध्येय निवडता येईल का, तेथवर जाण्याची योजना आखता येईल का, आणि मध्येच अडचण आली तर मार्ग काढता येईल का, अशी पाच अंगे त्यात आहेत. प्रश्न अगदी ठोस कामांचे. ग्रंथालयात जाऊन एखाद्या व्यवसायाची माहिती शोधणे. त्या व्यवसायात आज काम करणाऱ्या माणसाशी बोलणे. येत्या पाच वर्षांची आखणी करणे. १९९६ साली हीच प्रश्नावली २५ प्रश्नांवर आणली गेली, आणि आजही जगभर तिचा वापर होतो.

पन्नास किंवा पंचवीस प्रश्न विचारल्याने विश्वसनीयता वाढते. एका ठेचेमुळे सगळी बेरीज लंगडत नाही. परंतु बेरीज करतानाही डोळे उघडे ठेवायला हवेत, आणि येथे मला भूगोलाच्या तासाची आठवण होते. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी फ्रीड्रिख मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली १ ते १० अशी श्रेणी केली. संगजिरे १, कुरुविंद ९, हिरा १०. आता ९ आणि १० यांत फरक केवळ एकाचा दिसतो. प्रत्यक्षात हिरा कुरुविंदाच्या सुमारे चौपट कठीण भरतो! मोसच्या आकड्यांना क्रम आहे, पण दोन आकड्यांतील अंतर सारखे नाही. कोण कोणावर ओरखडा काढतो एवढेच ते सांगतात. आत्मविश्वासाचे आकडे सेंटीमीटरपेक्षा या मोसच्या आकड्यांच्या जवळचे आहेत. ८ लिहिणारी मुलगी ४ लिहिणाऱ्या मुलाच्या दुप्पट खात्रीची, असे म्हणता येत नाही. दोन वेगळ्या माणसांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पहिला-दुसरा नंबर काढणे तर सर्वथा चूक. एकाच माणसाचे दोन वेगळ्या कामांचे आकडे, किंवा एकाच कामाचे दोन वेगळ्या वेळचे आकडे, यांची तुलना मात्र पुष्कळ काही सांगून जाते.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तेथे येतो. शिक्षकांनीही हा भाग वाचावा अशी विनंती आहे.

टेलर आणि बेट्झ यांची प्रश्नावली अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. ज्याच्या पायाशी ग्रंथालय आहे त्याला 'ग्रंथालयात माहिती शोधता येईल का' हा प्रश्न त्याच्या स्वतःबद्दलचा आहे. पण बीड जिल्ह्यातल्या एखाद्या ऊसतोड कुटुंबातील मुलाचा विचार करा. दसरा-दिवाळीच्या सुमारास घर उचलून कारखान्याच्या पट्ट्यात जायचे आणि उन्हाळा लागल्यावर परतायचे, अशी ज्या घराची रीत, त्या घरातल्या मुलाला हा प्रश्न घातला आणि त्याने शंभरपैकी १० लिहिले, तर ते १० कोणाचे? 'या व्यवसायातल्या माणसाशी बोलता येईल का' या प्रश्नालाही तसेच. डॉक्टरांच्या मुलाला डॉक्टरांशी बोलायला जेवणाच्या ताटावरून उठावेही लागत नाही. ज्याच्या सात पिढ्यांत कोणी कचेरीच्या टेबलापलीकडच्या खुर्चीत बसले नाही, त्याने हा आकडा कोठून आणावा? त्या मुलाने प्रामाणिकपणे लिहिलेले १० हे माझ्या मते त्याच्या मनाचे माप कमी आणि त्याच्या गावाचे, शाळेचे माप अधिक आहे. आपण तापमापी पावसात धरली आणि पारा उतरला, तर तापमापीला दोष देत नाही.

मुलींच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसते. १९८१ साली नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी महाविद्यालयातील मुलामुलींना वीस व्यवसाय दाखवले. दहा असे की ज्यांत तोवर बहुतेक पुरुषच दिसत, आणि दहा असे की ज्यांत बहुतेक स्त्रिया. यासाठी लागणारे शिक्षण पुरे करू शकाल का, हे काम करू शकाल का, असे प्रत्येक व्यवसायाबद्दल विचारले. मुलांचा स्वतःवरचा विश्वास दोन्ही गटांना साधारण सारखाच. मुलींचा मात्र 'बायकांच्या' कामांना जास्त आणि 'पुरुषी' कामांना कमी. आणि परीक्षेतल्या गुणांत तर मुलगे-मुली तुल्यबळ होते! पुढे अनेक देशांतील पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या 'पिसा' या मोठ्या पाहणीतही दिसले आहे की गणितात मुलांइतकेच गुण मिळवणाऱ्या मुली गणिताबाबत स्वतःवर कमी विश्वास ठेवतात. अशा वेळी केवळ विश्वासाच्या आकड्यावरून शाखा सुचवणारा शिक्षक काय करतो? मुलीच्या मनात जगाने आधीच बसवलेला संकोच तो मोजतो आणि तोच सल्ला म्हणून तिला परत देतो. मी दिलेला 'सोपी वाट पाहा' हा सल्ला याच जातीचा होता.

मोठा आकडा तरी चांगलाच असतो का? तेही नाही. २०१८ च्या 'पिसा' पाहणीत ४१ देशांतील मुलामुलींच्या उत्तरांवरून असे निघाले की तिसाव्या वर्षी आपण कोणते काम करत असू, या प्रश्नाला ४७ टक्के मुलांनी आणि ५३ टक्के मुलींनी मोजक्या दहा व्यवसायांपैकीच एकाचे नाव घेतले. जगात कामे हजारो प्रकारची, आणि निम्म्या मुलांच्या तोंडी तीच दहा नावे! (आपला देश त्या वर्षीच्या पाहणीत नव्हता. पण आपल्या वर्गात हात वर करायला सांगा. मला नाही वाटत दहापर्यंतही यादी जाईल.) ज्याला एकच रस्ता ठाऊक असतो तो चौकात गोंधळत नाही. त्याची खात्री शंभर टक्के असते, कारण चौक त्याने पाहिलेलाच नसतो.

तुमची स्वतःची खात्री कितपत खरी ठरते, हे पाहण्याचा एक सोपा प्रयोग सांगतो. पुढच्या घटक चाचणीच्या वेळी उत्तरपत्रिका देऊन घरी आलात की वहीत प्रत्येक प्रश्नासमोर लिहा, यात मला इतके गुण पडतील. तारीख घाला. वही मिटून ठेवा. पेपर परत मिळाला की शेजारी खरे गुण लिहा. असे चार-पाच चाचण्यांचे करा आणि वजाबाकी पाहा. काहींचा अंदाज नेहमी वर जाईल, काहींचा नेहमी खाली. काहींचा बीजगणितात वर आणि भूमितीत खाली. हा तुमच्या उपकरणाचा शून्यदोष आहे असे समजा. सूक्ष्ममापीचा शून्यदोष कळला की आपण ती फेकून देत नाही, वाचनात दुरुस्ती करतो. तसेच येथे. मात्र वही कोणाला दाखवू नका. दाखवायची असे मनात आले की आकडे आपोआप बदलतात.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. थंड तापमापी चमचाभर गरम पाण्यात बुडवली तर ती त्या पाण्यालाच गार करते आणि मग गार झालेल्या पाण्याचे तापमान दाखवते. घागरभर पाण्यात हा दोष जाणवत नाही, चमच्यात जाणवतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा आत्मविश्वास हा चमच्यातल्या पाण्यासारखा असतो. मी आकडे वाचून दाखवले त्या क्षणी २ वाल्या मुलीचे २ देखील राहिले नसतील. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझे सांगणे आहे की असे तक्ते जरूर भरून घ्या, पण ते वर्गात वाचू नका, फलकावर लावू नका, पालकसभेत उघडू नका, आणि प्रवेशाच्या कामी तर त्यांचा वाराही लागू देऊ नका. एकूण बेरीज करण्याची घाई करू नका. ओळीओळीने वाचा. वर्गातील तीस मुलांनी 'या व्यवसायातल्या माणसाशी बोलता येईल का' या एकाच ओळीत कमी आकडा लिहिला असेल, तर त्या तिसांना आत्मविश्वासावर व्याख्यान देऊ नका. चार माणसांना शाळेत बोलवा. बँडुरांनीही विश्वास वाढण्याच्या वाटा सांगताना पहिले स्थान दिले ते स्वतः काम करून पाहण्याला, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहण्याला. 'तुला जमेल हो!' हा तोंडी धीर त्यानंतर येतो. आपण मात्र बहुधा त्यावरच काम भागवतो, कारण त्याला खर्च नाही.

काहीजण म्हणतील, एवढे धोके आहेत तर मोजताच कशाला? मन ही काय मोजण्याची वस्तू आहे? हे मला पटत नाही. मोजले नसते तर त्या मुलीचे २ मला कधीच दिसले नसते आणि ती गप्प बसणारी मुलगी तशीच दहावी पास होऊन घरी राहिली असती. मोजमापाने माझी चूक झाली, हे खरे. पण माझी चूक मला कळली तीही मोजमापानेच.

तर पुढे काय झाले ते सांगतो. त्या मुलीच्या घरी म्हैस आणि पाचसहा शेळ्या. गुरांचा डॉक्टर व्हावे असे तिच्या मनात होते, पण हे तिने कोणाला सांगितले नव्हते. आम्ही दोघांनी बसून पायऱ्या लिहिल्या. घरी वडिलांसमोर हा विषय काढणे. बारावीला कोणते विषय लागतात याची माहिती स्वतः मिळवणे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांशी बोलणे. खर्च किती आणि शिष्यवृत्ती कोणती, हे शोधणे. प्रवेश नाहीच मिळाला तर दुसरे काय करायचे, ते ठरवणे. आणि शेवटची पायरी, हा अभ्यासक्रम पुरा करणे. प्रत्येकीसमोर ० ते १०० मधला आकडा. डॉक्टरांशी बोलण्यासमोर तिने १० लिहिले. अभ्यासक्रम पुरा करण्यासमोर ९०.

दवाखान्यात पहिल्या दिवशी मी सोबत गेलो, नंतर ती एकटी जाऊ लागली. डॉक्टर भले गृहस्थ होते. अडलेल्या शेळीला सोडवताना त्यांनी तिला कंदील धरायला लावला, म्हणजे मोबाइलचा दिवा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते, मग 'नीट' परीक्षा, मग नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात साडेपाच वर्षे, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे, हे सगळे तिने त्यांच्याकडूनच लिहून आणले.

तीन महिन्यांनी तिने तोच तक्ता पुन्हा भरला. डॉक्टरांशी बोलणे १० वरून ८५ वर गेले होते. माहिती मिळवणे ३० वरून ९०. वडिलांसमोर विषय काढणे २० वरून ४०. तेथे अजून काम बाकी होते. आणि अभ्यासक्रम पुरा करणे ९० वरून ६० वर आले होते. मी दचकलो. एकूण बेरजेवर भरवसा ठेवला असता तर हा आकडा मला दिसलाही नसता. मी विचारले, "हा का गं कमी झाला?"

ती म्हणाली, "सर, तेव्हा मला साडेपाच वर्षे माहीत नव्हती."

यंदा ती अकरावीला विज्ञान शाखेत आहे. तक्त्याची तिसरी प्रत तिच्याकडे दिलेली आहे. ती तिने अजून भरून आणलेली नाही.